पहिला वेकसर्फ बोर्ड घेताना लांबी, जाडी आणि बोट यांचा मेळ कसा घालावा?

चोपडेकर यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी.

येत्या मे महिन्यात मी तीन महिन्यांसाठी धाकट्या भावाकडे, अमेरिकेच्या टेक्सास राज्यातील ऑस्टिन या शहरी जाणार आहे. भावाने चार मित्रांबरोबर भागीदारीत एक बोट घेतली आहे आणि सुट्टीच्या दिवशी ही मंडळी लेक ट्रॅव्हिस या जलाशयावर वेकसर्फिंग करतात. ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. बोटीच्या मागे जी लाट उठते तिच्यावर पाय न बांधता फळीवर उभे राहायचे, सुरुवातीला बोटीतून सोडलेला दोर धरायचा आणि लाटेचा जोर मिळू लागला की तो दोर सोडून देऊन केवळ लाटेवर पुढे जात राहायचे, असा हा खेळ आहे.

माझे वय ३८, उंची ५ फूट ९ इंच आणि वजन ८४ किलो आहे. तापीच्या पात्रात लहानपणापासून पोहत आल्यामुळे पाण्याची भीती नाही, पण कोणत्याही फळीवर मी आजवर उभा राहिलेलो नाही. भावाकडे स्वतःचा एक बोर्ड आहे, मात्र तो ४ फूट ८ इंचांचा असून भावाचे वजन ६८ किलो आहे. तो म्हणतो, तू तुझ्या मापाचा घे, पुढे घरात राहील. भावजयीलाही शिकायचे आहे आणि तिचे वजन ५५ किलोच्या आसपास असावे.

माझ्या शंका अशा आहेत. माझ्या वजनाला किती लांबीचा बोर्ड योग्य? सर्फ प्रकारचा आणि स्किम प्रकारचा असे दोन प्रकार दिसतात, त्यांपैकी नवशिक्याने कोणता घ्यावा? नवा घ्यावा की वापरलेला? आणि शेवटची शंका अशी की, परतताना हा बोर्ड सोबत आणून भुसावळजवळच्या हतनूर धरणाच्या फुगवट्यात एका स्नेह्याच्या फायबरच्या मोटरबोटीमागे वापरता येईल का? त्या बोटीला मागच्या बाजूला चाळीस अश्वशक्तीचे इंजिन लटकवलेले आहे.

जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.


सावदेकर (मुक्काम दुबई) यांचे उत्तर

चोपडेकर भाऊ, आपल्या शेवटच्या शंकेचे उत्तर सर्वांत आधी देतो, कारण बाकीच्या तिन्हींमध्ये चूक झाली तर फार तर पैसे जातील. मागे लटकवलेल्या इंजिनाच्या बोटीमागे वेकसर्फिंग करू नका. हतनूरला नाही, तापीत नाही आणि अमेरिकेतही नाही. वेकसर्फिंग करणारा माणूस बोटीच्या मागच्या काठापासून अवघ्या दोन-तीन मीटरांवर असतो आणि लटकवलेल्या इंजिनाचा पंखा नेमका त्या काठाच्या मागे, उघड्यावर फिरत असतो. लाटेचा जोर माणसाला पुढे, म्हणजे बोटीकडेच ढकलत असल्याने तोल जाऊन तो पुढे पडला तर कोठे जाईल हे सांगायला नको. वेकसर्फिंगसाठी इंजिन बोटीच्या पोटात असलेली बोट लागते. तिचा पंखा तळाखाली, मागच्या काठाच्या बराच अलीकडे असतो. भावाची बोट त्या प्रकारची आहे याची खातरजमा करा. तिने ते लोक नियमित सर्फिंग करत असतील तर बहुधा ती तशीच असणार, पण विचारायला काही खर्च नाही.

आता बोर्डाकडे वळतो. आपल्या भागातल्या मुलांनी केळीच्या खांबावर पोटाखाली आधार घेऊन पोहणे शिकल्याचे आपण पाहिले असेलच. खांब जाड असेल तर मूल निवांत तरंगते आणि बारीक असेल तर हनुवटीपर्यंत पाण्यात जाते. वेकसर्फ बोर्डाच्या बाबतीत हा हिशेब निम्माच लागू पडतो, आणि दुकानात गेल्यावर गोंधळ होतो तो तेथेच. समुद्रावर हातांनी पाणी कापत लाटेपर्यंत जाणाऱ्या नवशिक्याला स्वतःच्या वजनाच्या जवळपास जाईल इतक्या लिटरांचा बोर्ड लागतो, कारण तेथे बोर्डाला माणसाचा भार तरंगत वाहायचा असतो. येथे आपल्याला बोट ओढून उभे करते, त्यामुळे त्याच्या निम्म्याहून कमी लिटरांतही काम भागते. म्हणून समुद्रावरच्या सर्फिंगचे तक्ते वाचून आठ-नऊ फुटांची फळी शोधत बसू नका.

दुसऱ्या बाजूने, वेकबोर्डिंगचा, म्हणजे पाय फळीला बांधून आणि दोर धरूनच ज्यात बोटीमागे जातात त्या खेळाचा बोर्डही येथे चालत नाही. त्या खेळात बोट ताशी तीस-पस्तीस किलोमीटर वेगाने धावते, तर वेकसर्फिंगमध्ये ती ताशी सोळा ते एकोणीस किलोमीटरच चालवतात. वेग निम्मा झाला की तेवढ्याच पृष्ठभागाला पाण्याकडून मिळणारी उचल साधारण चौथाईवर येते. ही तूट भरून काढायला बोर्डाचा पृष्ठभाग मोठा हवा, विशेषतः मागच्या पायाखालचा. लांबी किती, हा प्रश्न सगळे विचारतात. मागचे टोक किती रुंद आहे हे फारसे कोणी विचारत नाही, आणि मला विचाराल तर नवशिक्यासाठी तेच अधिक महत्त्वाचे आहे. मागे निमुळता होत गेलेला ५ फुटांचा बोर्ड आणि मागे रुंद, चौकोनी कापलेला ५ फुटांचा बोर्ड हे कमी वेगात अगदी वेगळे वागतात. पहिला बुडत बुडत मागे पडतो, दुसरा लाटेच्या उताराला चिकटून राहतो.

उत्पादकांचे तक्ते एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत, तरी ढोबळ मानाने साठ किलोंपर्यंत साडेचार फुटांच्या आसपास, साठ ते ऐंशीपर्यंत ४ फूट ८ इंच ते ५ फूट, ऐंशी ते शंभरपर्यंत ५ फूट ते ५ फूट ४ इंच आणि त्यापुढे त्याहून लांब, असा हिशेब धरावा. आपल्या ८४ किलोंना, तेही अगदी पहिल्यांदा उभे राहायचे असताना, मी ५ फूट २ इंचांच्या खाली उतरणार नाही. भावाचा ४ फूट ८ इंचांचा बोर्ड त्याच्यासाठी ठीक आहे. आपण त्यावर शिकायला गेलात तर उभे राहाल, पण दोर सोडताक्षणी मागे पडाल आणि दोष स्वतःच्या पायांना द्याल.

प्रकार सर्फचाच घ्या. तो जाड असतो, त्याच्या खाली मोठे फिन असतात, बहुतेक वेळा तीन, आणि माशाच्या परांप्रमाणे ते बोर्डाची दिशा धरून ठेवतात. स्किम प्रकारचा बोर्ड पातळ, कडा गोलसर आणि फिन अगदी छोटे, कारण तो पाण्यावर गरगर फिरवता यावा हाच त्याचा हेतू. जो बोर्ड सहज गोल फिरतो तो नवशिक्याच्या पायाखालूनही सहज फिरतो. दोन्हींच्या मधला एक मिश्र प्रकार मिळतो आणि विक्रेते तो सर्वांना चालेल असे सांगतात. आपल्या तीन महिन्यांच्या मुक्कामात त्याचा काही विशेष लाभ मला दिसत नाही.

आणखी एक गोष्ट पाहा. बोर्ड सपाट जमिनीवर ठेवून बाजूने त्याचा बाक पाहावा. पुढचे नाक थोडे उचललेले असावे, नाहीतर ते पाण्यात घुसते. पण मधला आणि मागचा भाग जितका सपाट तितका बोर्ड वेगवान, आणि वेगवान बोर्डावर लाटेच्या जोरात टिकून राहणे सोपे जाते. जास्त बाकदार बोर्ड वळायला लवचीक असतो, पण सतत मागे राहतो.


बोदवडकर यांचे उत्तर

माझे मत थोडे वेगळे आहे. पहिले दोन शनिवार काहीही विकत न घेता भावाच्या मित्रांकडे असतील ते सगळे बोर्ड आलटून पालटून वापरावेत आणि मगच दुकानात जावे. अशा पाच जणांच्या भागीदारीत एखादा मोठा बोर्ड असतोच. सावदेकरांनी दिलेली मापे चूक आहेत असे मी म्हणत नाही, पण बोटीमागची लाट जर मोठी आणि जोरकस असेल तर ५ फुटांतही भागते आणि लाट लहान असेल तर ५ फूट ४ इंचांचाही कमी वाटतो. लाट पाहिल्याशिवाय इंच-इंच मोजण्यात अर्थ नाही.


पांझराकाठची यांचे उत्तर

मी मूळची धुळ्याची असून काही वर्षे फ्लोरिडामध्ये राहिले आणि तेथेच हा खेळ शिकले. माझे वजन ५६ किलो आहे, म्हणजे चोपडेकर भाऊंच्या भावजयीइतकेच, त्यामुळे माझा अनुभव तिच्या उपयोगी पडेल असे वाटते.

मी पहिला बोर्ड एका दुकानदाराच्या भरवशावर घेतला. बाईमाणसाला हलका आणि छोटा बोर्ड सोयीचा, असे त्याने सांगितले आणि ४ फूट २ इंचांचा स्किम प्रकारचा, दिसायला अतिशय देखणा बोर्ड माझ्या हाती दिला. पाण्यातून उठण्यात मला काहीच अडचण आली नाही, उलट दुसऱ्याच दिवशी मी उभी राहिले. दोर सोडला की मात्र चार-पाच सेकंदांत मी मागे घसरत जाई आणि लाट माझ्या पुढून निघून जाई. पुढच्या पायावर भार टाकला तर बोर्ड पुढे धावतो आणि मागच्या पायावर टाकला तर रोधला जातो, हे मला तोंडपाठ झाले होते, पण त्या छोट्या बोर्डावर पुढचा भार जरा जास्त झाला की नाक पाण्यात जाई आणि जरा कमी झाला की मी मागे. मधली जागा सापडेपर्यंत माझा संपूर्ण एक उन्हाळा गेला, आणि तीही मला त्या बोर्डावर सापडली नाहीच. एका मैत्रिणीने तिच्या नवऱ्याचा ५ फुटांचा सर्फ प्रकारचा बोर्ड दिला आणि त्या दिवशी तिसऱ्याच फेरीत मी दोराविना पूर्ण सरोवर पार केले. मला त्या दुकानदाराचा राग येण्यापेक्षा गेलेल्या उन्हाळ्याचे वाईट अधिक वाटले.

म्हणून आपल्या भावजयीसाठी वेगळा छोटा बोर्ड घेण्याच्या फंदात पडू नका. जड माणसाचा बोर्ड हलक्या माणसाला चालतो. वळायला तो थोडा सुस्त वाटतो इतकेच, आणि पहिल्या महिन्यात कोणाला वळायचे असते? याच्या उलट मात्र होत नाही.

बोर्डाच्या वरच्या बाजूला रबरासारखा मऊ पॅड पुढे आणि मागे दोन्हीकडे चिकटवलेला असेल असाच बोर्ड घ्यावा. काही बोर्डांवर केवळ मागेच पॅड असतो आणि पुढच्या भागावर मेण घासावे लागते. टेक्सासच्या उन्हात मेण वितळून पायघडीला, कपड्यांना आणि बोटीच्या गादीला लागते आणि बोटीचे भागीदार नाराज होतात. मागच्या पॅडच्या टोकाला एक उंचवटा असतो. तो टाचेला न पाहताही कळतो, म्हणून पाय कोठे आहे हे समजायला त्याचा फार उपयोग होतो.

दोराबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून सांगते. वेकसर्फिंगचा दोर जाड, गाठी मारलेला आणि साधारण वीस फुटांचा असतो. वेकबोर्डिंगचा लांब दोर गुंडाळून आखूड करून वापरणारे लोक मी पाहिले आहेत. त्याचे वेटोळे हाताला अडकू शकतात, आणि दोर हाताभोवती गुंडाळून धरायची सवय तर कधीच लावून घेऊ नये. लाइफ जॅकेट घेताना ते अमेरिकेच्या तटरक्षक दलाने मान्य केलेले आहे अशी आतली पट्टी वाचून घ्यावी, कारण दुकानांत मान्यता नसलेली, केवळ मार लागू नये म्हणून घालायची पातळ जॅकेटेही त्याच रांगेत टांगलेली असतात.

उठण्याची पद्धत एका वाक्यात सांगण्यासारखी नाही, तरी सांगते. पाठीवर तरंगत टाचा बोर्डाच्या कडेवर ठेवाव्यात, गुडघे छातीशी घ्यावेत, हात सरळ ठेवावेत आणि बोट सुटली की दोर स्वतःकडे ओढण्याचा मोह टाळून बोर्डाला आपोआप पायांखाली येऊ द्यावे. पोहता येणारी माणसे येथे हमखास चुकतात, कारण त्यांना हातांनी काहीतरी करायची सवय असते.


तापी-पूर्णा यांचे उत्तर

मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो असून माझ्या नोकरीचा बराच काळ हतनूर परिसरात गेला आहे. वेकसर्फिंग मी केलेले नाही आणि या वयात करणारही नाही, पण शेवटच्या शंकेवर थोडे लिहिणे मला कर्तव्य वाटते.

पंख्याचा धोका सावदेकरांनी सांगितलाच आहे. त्याखेरीज आपल्या स्नेह्यांच्या बोटीमागे सर्फिंगजोगी लाट उठणारच नाही. लाट म्हणजे बोटीने बाजूला सारलेले पाणी. या खेळासाठी बनवलेली बोट मुळातच दोन-अडीच टनांची असते, तिच्या टाक्यांत आणि पिशव्यांत आणखी हजार ते दोन हजार किलो पाणी भरतात आणि तो भार मागे व एका अंगाला ठेवून बोटीची शेपटी मुद्दाम पाण्यात बुडवतात. अलीकडच्या बोटींना तर मागे हलत्या पट्ट्या असतात, ज्या एका बाजूचे पाणी अडवून दुसऱ्या बाजूची लाट स्वच्छ करतात. चाळीस अश्वशक्तीची हलकी, सपाट तळाची फायबरची बोट वेग घेताच पाण्यावर चढून पळू लागते, आणि तिच्यामागे गुडघ्याएवढी लाटही राहत नाही. म्हणजे धोका पत्करूनही हाती काही लागणार नाही.

आता हतनूरविषयी. या धरणाला ४१ दरवाजे आहेत आणि तापी व पूर्णा या दोन्ही नद्यांचे पाणी चांगदेवच्या संगमाजवळ एकत्र येऊन त्याच्या फुगवट्यात उतरते. दोन्ही नद्या भरपूर गाळ आणतात आणि तो फुगवट्यात साचत राहिला आहे. पाणी दूरवर पसरलेले दिसते, पण पुष्कळ ठिकाणी ते उथळ आहे. उथळ पाण्यात जड बोटीची लाट नीट बनत नाही आणि पडणाऱ्याला तळ लागतो, हे वेगळेच. मासेमारांची जाळी आणि खुंट कोठे असतील याचा नेम नसतो. हिवाळ्यात तेथे स्थलांतरित पक्षी मोठ्या संख्येने उतरतात आणि महत्त्वाच्या पक्षिक्षेत्रांमध्ये हतनूरची गणना होते. जलाशयात मोटरबोट चालवायला जलसंपदा खात्याची परवानगी लागते आणि अशा खेळाला ती कोणी मागितली, तर मी खुर्चीवर असतो तर दिली नसती.

किनाऱ्यांचाही प्रश्न आहे. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाने २०२२ मध्ये या बोटींच्या लाटा मोजून, त्यांनी काठापासून ५०० फुटांहून दूर चालावे अशी शिफारस केली होती, म्हणजे दीडशे मीटर. लेक ट्रॅव्हिसवरही आपण काठाला, धक्क्यांना आणि नांगरलेल्या बोटींना टाळूनच हिंडावे ही विनंती. तेथील पाणीही आपल्या धरणांप्रमाणेच वरखाली होत असते. पाणी उतरले की बुडालेल्या झाडांचे बुंधे वर येतात, तेव्हा भावाला विचारून खोल भाग समजून घ्यावा.


चोपडेकर यांचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. हतनूरचा विचार मी सोडून दिला आहे आणि स्नेह्यालाही तसे कळवले. तो म्हणाला, तरीच म्हणतो बोटीमागे माणूस लोंबकळणार कसा. बोर्ड परत आणायचा नाही, तो भावाकडेच राहील.

भावाला आपल्या सर्वांची उत्तरे वाचून दाखवली. बोट इंजिन पोटात असलेलीच आहे, शिवाय मागे त्या हलत्या पट्ट्याही आहेत असे तो म्हणतो. मात्र एक नवीन पेच निर्माण झाला आहे. भागीदारांपैकी एका गृहस्थाचा ४ फूट १० इंचांचा, कार्बनचा, स्किम प्रकारचा बोर्ड आहे. नवा तो हजार डॉलरांच्या घरातला होता म्हणे, आणि ते मला तो अडीचशे डॉलरांना द्यायला तयार आहेत. भावाला हा सौदा फार आवडला आहे. बोर्डाच्या खालच्या बाजूला फिनच्या खाचेजवळ केसाएवढी भेग पडली होती, ती त्यांनी घरीच भरून घेतली आहे. काय करावे?


सावदेकर यांचे उत्तर

घेऊ नये, आणि याचे कारण किंमत नव्हे.

स्वस्त मिळाला तरी तो बोर्ड आपल्यासाठी लहान आहे, प्रकार चुकीचा आहे आणि बांधणीही नवशिक्याला न मानवणारी आहे. या बोर्डांच्या बांधणीचे दोन मुख्य मार्ग आहेत. एक, साच्यात गाभा आणि आवरण एकत्र दाबून बनवलेला बोर्ड. हा वजनाला जड, किमतीला कमी आणि आपटाआपटी सोसणारा असतो. दुसरा, थर्माकोलच्या गाभ्यावर फायबर किंवा कार्बनचे कापड इपॉक्सी रेझिनने चढवलेला. हा हलका, चपळ आणि नाजूक असतो. पहिल्या उन्हाळ्यात बोर्ड बोटीच्या कठड्यावर आपटतो, धक्क्यावर घासतो, कोणीतरी त्यावर शीतपेटी ठेवते. जड बोर्ड जड वाटेल ही भीती बाळगू नका. नवशिक्याला वजनामुळे उलट थोडा स्थिरपणाच मिळतो. साच्यातला नवा बोर्ड साधारण तीनशे ते साडेचारशे डॉलरांत येतो, म्हणजे आपल्या सौद्यापेक्षा पन्नास ते दोनशे जास्त, पण तो तुम्ही तिघेही वापराल.

आता ती भरलेली भेग. फिनच्या खाचेजवळची भेग ही सर्वांत संशयास्पद, कारण बोर्डावर पडणारा सगळा आडवा ताण तेथेच येतो. तेथून पाणी आत शिरले की गाभा ते धरून ठेवतो, बोर्ड जड होतो आणि उन्हात आतली हवा व वाफ फुगून आवरण गाभ्यापासून सुटू लागते. अंगठ्याने सगळीकडे दाबून पाहावे. कोठे मऊ लागले किंवा टकटक केल्यावर आवाज बदलला तर तेथे आवरण सुटलेले आहे. शिवाय त्यांनी घरी भरताना कोणते रेझिन वापरले हे विचारा. आपल्याकडे कूलरच्या टाक्या आणि फायबरचे पत्रे दुरुस्त करायला जे पॉलिस्टर रेझिन वापरतात ते थर्माकोलला लागले की थर्माकोल विरघळतो. अशा बोर्डाला केवळ इपॉक्सीच चालते. पुष्कळांना हे ठाऊक नसते आणि वरून दुरुस्ती चकचकीत दिसत असताना आत पोकळी झालेली असते.

वापरलेला बोर्ड घेण्याला माझा तत्त्वतः विरोध नाही. ५ फूट २ इंचांच्या आसपासचा, सर्फ प्रकारचा, साच्यातला, पॅडच्या कडा न उचकटलेला आणि फिनच्या खाचा घट्ट असलेला बोर्ड निम्म्या किमतीत मिळाला तर आनंदाने घ्या. तिन्ही फिन आणि त्यांचे स्क्रू सोबत आहेत ना, हे मोजून घ्या. बोदवडकरांचे म्हणणेही मी मान्य करतो: पहिल्या शनिवारी काहीच विकत घेऊ नका. भागीदारांपैकी कोणाचा मोठा बोर्ड असेल तर त्यावर उभे राहून पाहा आणि मग जा.


पांझराकाठची यांचे उत्तर

सावदेकर दादांच्या लिखाणात एक भर घालते. भाऊ तो कार्बनचा बोर्ड सोडायला तयार नसेल तर त्याने तो स्वतःसाठी घ्यावा. त्याचे वजन ६८ किलो आहे आणि त्याला दोराविना टिकता येते, त्यामुळे ४ फूट १० इंच त्याला शोभतील. म्हणजे घरातले भांडणही मिटेल. फक्त भेग आधी नीट तपासून घ्यावी, आणि बोर्ड बंद मोटारीत उन्हात ठेवू नये. टेक्सासच्या उन्हाळ्यात मोटारीच्या आत जी धग साचते ती आपल्या भुसावळच्या मे महिन्यातल्या पत्र्याच्या खोलीइतकीच असते, आणि आवरण सुटायला तेवढी पुरते.


चोपडेकर यांचे उत्तर

हा तोडगा भावाला लगेच पटला. मी ५ फूट २ इंचांचाच शोधणार. एक किरकोळ शंका उरली आहे. भाऊ विचारतो की तुझा कोणता पाय पुढे राहील, कारण त्याप्रमाणे बोटीतला भार डाव्या की उजव्या अंगाला ठेवायचा हे ठरते. मला कसे कळणार? मी तर कधी उभाच राहिलेलो नाही.


बोदवडकर यांचे उत्तर

गुळगुळीत फरशीवर पायमोजे घालून धावत येऊन घसरून पाहा. जो पाय आपोआप पुढे जातो तोच पुढचा. किंवा कोणाला न सांगता पाठीमागून हलका धक्का द्यायला सांगा आणि तोल सावरायला कोणता पाय आधी टाकता ते पाहा. डावा पाय पुढे आला तर बोटीच्या डाव्या बाजूची लाट हवी, कारण तेव्हा आपले तोंड लाटेकडे राहते. उजवा आला तर उजव्या बाजूची. नवशिक्याला लाटेकडे पाठ करून उभे राहणे फार अवघड जाते. घसरताना फरशीवर आजूबाजूला कोणी नसेल एवढे पाहा.


चोपडेकर यांचे उत्तर

आताच ओसरीत करून पाहिले. डावा पाय पुढे गेला, आणि आईने झाडू घेऊन हाकलले. भावाला डाव्या बाजूची लाट लावायला सांगतो.